स्क्रूचा दोष नाही

सान बेर्नार्दिनोच्या धक्क्यावर, जानेवारीत,
दुपारी दोनला पत्र्याच्या शेडमध्ये
कुणी बोलत नाही. तेरेरेची नळी ओढायची, गप्प बसायचं.
तेव्हा डॉन विल्फ्रिदो आला, आसुन्सिओनचा दातांचा डॉक्टर,
ट्रेलरवर पिवळी जेट स्की घेऊन,
आणि म्हणाला, ही थांबतच नाही.

म्हणजे थांबते. पण थांबल्यावरही धावते.
थ्रॉटल सोडला तरी धक्क्याला टकरा देते,
वासरू दिसलेल्या गाईसारखी दावं ताणते.
परवा तिनं त्याच्या मेव्हण्याला पाण्यात पाडलं.
(मेव्हण्याचं त्याला फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही.)

"स्क्रू पिळून पाहिला," तो म्हणाला.
सगळे आधी स्क्रूच पिळतात.
तो बाहेर असतो ना, हाताशी.
बिचारा पितळी स्क्रू,
कुणाकुणाच्या नाण्यांनी डोकं झिजलेलं,
पार बाहेर येऊन लोंबकळत होता.
आता त्याच्या हातात काहीच उरलं नव्हतं.

नील्साला हाक मारली. माझी भाची, एकोणीस वर्षांची,
कान माझ्यापेक्षा तरणे.
तिला पाठ आहे:
आधी इंजिन, मग नळ.
बंद करताना आधी नळ, मग इंजिन.
उलट झालं की पाणी सिलिंडरात.

केबल पाहिली. नखभर सैल, हवी तेवढी.
कार्ब्युरेटरची झडप पूर्ण मिटत होती.
स्प्रिंग शाबूत, पेट्रोल ताजं.
तरी काटा साडेचार हजारांवर,
जिथे जमिनीवर तीनच्या आसपास रेंगाळावा.

फुकटची हवा मिळालेलं इंजिन सुखी वाटतं.
आवाज मोकळा, चढा.
खरं तर ते उपाशी असतं,
आतल्या आत तापतं,
आणि एक दिवस पिस्टनला भोक पडतं.
माझा थोरला भाऊ ब्वेनोस आयरेसहून फोनवर
अगदी याच आवाजात बोलायचा.

बाटलीत साबणाचं पाणी भरलं.
सांध्यासांध्यावर फवारत गेलो.
नील्सा डोळे मिटून उभी.
इथे नाही.
इथेही नाही.
"मामा, थांब. इथे तिनं आवंढा गिळला."

पुन्हा फवारलं. आवाज क्षणभर खाली बसला,
पुन्हा चढला.

चार बोल्ट काढले.
गॅस्केटच्या जागी पुठ्ठा होता,
बिस्किटांच्या खोक्याचा, निळी शाई अजून दिसणारी,
कडेनं विरून इताउग्वाच्या बायका विणतात
त्या न्यांदुतीसारखा झालेला.
कात्री कुठे वळली, कुठे अडली, मला लगेच ओळखू आलं.
डावखुऱ्याची कात्री.

तीन उन्हाळ्यांपूर्वी, कार्निव्हलचा शनिवार, दुकानं बंद,
तेव्हाचा मालक दुसरा होता, घाईत होता.
म्हटलं होतं, सोमवारी खरा घालू.
तेव्हापासून दीडशे सोमवार आले असतील.

नील्सानं पुठ्ठ्याकडे पाहिलं,
मग माझ्या डाव्या हाताकडे.
बोलली काही नाही. पाना पुसत राहिली.

"हवा कुठून येत होती?" डॉन विल्फ्रिदोनं विचारलं.
"माझ्याकडून," मी म्हणालो.
त्याला वाटलं विनोद. खूप हसला.
दातांच्या डॉक्टरच्या मानानं दात वाकडेच.

नवा गॅस्केट नील्सानं बसवला.
मी स्क्रू आत घेत गेलो, पाव पाव फेरा,
माफी मागावी तसा.
आधी इंजिन, मग नळ.
काटा उतरला.

संध्याकाळी तळ्यात सोडली.
शेवाळानं हिरवटलेल्या पाण्यावर ती पंधराशेवर उभी राहिली,
दोर सैल,
दोर इतका सैल की मधोमध पाण्यात बुडालेला.

गॅस्केटचे पैसे घेतले. मजुरी नाही.
का, असं तो विचारेल म्हणून
मी ती साबणाची बाटली धूत बसलो, दोनदा.

मान वर केली तर
डॉन विल्फ्रिदो खिशातून नाणं काढून
इंजिनावर वाकलेला.
"थोडासाच," तो म्हणाला, "उगीच, खात्री म्हणून—"

नील्सा एवढ्या जोरात ओरडली
की पलीकडच्या धक्क्यावरची बदकं उडाली.